हललं म्हणजे बोललं

अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ऑफिसचं काचेचं दार उघडत होत्या. उघडायच्या, सोडून द्यायच्या, दार आपलं आपण बंद झालं की पुन्हा उघडायच्या. मी मुलाखतीला आले होते, हातात फाईल होती आणि आत जायला वाट नव्हती. मला वाटलं, दार बिघडलंय आणि या बाई दुरुस्तीला आल्या आहेत. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा कपाळावर चढवलेला.

"आत जायचंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आधी हे बघ. शेवटच्या वितीला काय करतं?"

मी पाहिलं. दार जोरात आलं, चौकटीपासून वीतभर अंतरावर मंदावलं आणि हळूच टेकलं.

"हळू होतं," मी म्हणाले.

"का?"

"आपटू नये म्हणून."

"जा आत. झाली तुझी मुलाखत."

आत ऑफिसच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, आणखी अर्धा तास प्रश्न विचारले, पण ते नुसते वेळ काढत होते हे मला नंतर कळलं. निकाल दारातच लागला होता.

जळगावात एका कापडदुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मोबाईलची ऍप्स बनवायचो. ऍपमध्ये जे जे हलतं ते अक्कांचं खातं. बटण दाबल्यावर किती दबेल, नवं पान कुठल्या बाजूने येईल, किती वेळात येईल, काम होईपर्यंत पडद्यावर काय फिरत राहील, हे सगळं त्या ठरवायच्या. मी त्यांच्या हाताखाली लागले आणि चार वर्षं राहिले.

अक्का धुळ्याच्या. तिथल्या एका शाळेत त्यांनी वीस-बावीस वर्षं चित्रकला शिकवली. मग एक दिवस नोकरी सोडली आणि ऍनिमेशनच्या क्लासला नाव घातलं. वर्गात बसलेली निम्मी मुलं त्यांचीच माजी विद्यार्थी. शिकवणाराही त्यांच्याच हाताखालून गेलेला. तो बिचारा पहिले आठ दिवस भिंतीकडे तोंड करून शिकवत होता म्हणे. आमचे सरही त्याच शाळेतले. सातवीत अक्कांनी त्यांना चित्रकलेत काठावर पास केलं होतं आणि ते त्या चारचौघांत सांगायच्या. "हत्ती काढायला सांगितला, तर याने सोंडेला नखं काढली." सर एरवी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलायचे. अक्कांशी बोलताना मात्र त्यांचा आवाज सातवीतला लागायचा.

सोमवारी सकाळच्या एसटीने अक्का धुळ्याहून यायच्या, शनिवारी संध्याकाळी परत जायच्या. ग्राहकांशी बोलताना त्यांची मराठी पाठ्यपुस्तकासारखी असायची. आमच्या कामात काही खटकलं की मात्र अहिराणी सुरू व्हायची. खुर्चीच्या मागे येऊन उभ्या राहायच्या आणि मग:

"हाई कसाले हाली ऱ्हायनं?"

हे का हलतंय, एवढाच प्रश्न. पण त्याचं उत्तर देणं फार अवघड. माझं पहिलं काम दवाखान्याच्या ऍपचं होतं. डॉक्टरांची नावं खेळातल्या पत्त्यांसारख्या एकेका चौकोनावर, आणि ते पत्ते मी गिरक्या घेत पडद्यावर आणले होते. अक्कांनी विचारलं. मी म्हणाले, "छान दिसतं."

"छान तर मोरही दिसतो. म्हणून दवाखान्यात सोडायचा का? ज्याचं पोट दुखतंय त्याला डॉक्टर हवाय पोरी, तो गिरकी कशाला बघेल?"

मी गिरक्या काढल्या. मग पत्त्यांचं खालून वर येणं काढलं. मग सावल्या काढल्या. दुपारपर्यंत माझ्या आठ दिवसांच्या मेहनतीतलं एकच हलणं उरलं. नाव निवडलं की ते किंचित पुढे यायचं, इतकंच. अक्का खूश झाल्या. "हललं म्हणजे बोललं," त्या म्हणाल्या. "आता हा पत्ता काहीतरी बोलतोय. मघाशी नुसता कलकलाट होता."

वेळेचं त्यांचं माप चुटकी हे होतं. दोन चुटक्यांमधलं अंतर म्हणजे एक चुटकी. "हे पाव चुटकीत यायला पाहिजे, ते अर्ध्या चुटकीत जायला पाहिजे," असं सांगायच्या. कोड लिहिणाऱ्यांना मिलिसेकंद लागतात, त्यांनी काय करावं? एकाने शेवटी फोनवर त्यांच्या चुटक्या रेकॉर्ड केल्या. सकाळच्या, जेवणानंतरच्या, सरांवर चिडल्यानंतरच्या. सगळ्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं निघालं. मग त्याचा तक्ता करून आम्ही पाण्याच्या फिल्टरशेजारी चिकटवला. नव्याने लागलेल्या एकीला तो चहाच्या मसाल्याचा वाटला. चिमूटच्या जागी चुकून चुटकी लिहिलंय, असं तिने अगदी काळजीने आम्हाला येऊन सांगितलं.

त्यांच्या पिशवीत एक जुना फोन असायचा. दोंडाईच्याच्या बाजारात घेतलेला, काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला, चार गोष्टी एकदम करायला सांगितल्या की गरम होणारा. त्याचं नावच आम्ही दोंडाईचा ठेवलं होतं. आमच्या नव्या फोनांवर सुळसुळत जाणारं काम त्या फोनवर अडखळलं, तर ते ऑफिसाबाहेर जायचं नाही. एकदा एका ग्राहकाचा फोन आला, काम कुठवर आलं म्हणून. मी घाईत सांगितलं, "सगळं झालंय, फक्त दोंडाईच्याला अडकलंय." पलीकडून तो गंभीरपणे म्हणाला, "मग मी स्टेशनवर माणूस पाठवू का?"

आणि अभिनय! अक्कांचं म्हणणं, जे आपल्या अंगाला करून दाखवता येत नाही ते पडद्यावर टाकू नये. एकदा यादीचं काम होतं. यादीतलं मधलं नाव पुसलं की खालची नावं वर कशी सरकतील, हे ठरत नव्हतं. अक्कांनी आम्हा पाच जणांना फरशीवर ओळीने आडवं झोपवलं. मधल्याला सांगितलं, तू पुसला गेलास, ऊठ. आणि आम्ही खालच्यांनी वर सरकायचं. "सगळे एकदम नाही! आधी जवळचा, मग त्याच्या मागचा! तू कशाला उडी मारतेस? तुला काय लॉटरी लागली?" आमचं चौथ्यांदा सरकणं चालू असताना सर एका मोठ्या ग्राहकाला घेऊन आत आले. माणसं जमिनीवर सरपटत होती आणि अक्का वर उभ्या राहून चुटक्या वाजवत होत्या. ग्राहक दारातच थांबला.

सर हळूच म्हणाले, "काम चालू आहे."

त्या ग्राहकाने काम आम्हालाच दिलं. पुढे तो स्वतः सांगायचा, इतकी मन लावून काम करणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण एक प्रसंग असा घडला की त्यानंतर मी अक्कांना नुसत्या विक्षिप्त बाई म्हणायचं सोडून दिलं. त्या प्रसंगात चूक माझी होती, म्हणून तो मीच सांगितलेला बरा.

धुळ्याचे एक शेठ विहिरीवरच्या मोटरींसाठी स्टार्टरच्या पेट्या बनवायचे. पेटीत सिमकार्ड. शेतकऱ्याने घरी बसून फोनवर बटण दाबायचं, निरोप पेटीला जायचा, मोटर सुरू व्हायची आणि पेटीकडून तसं उत्तर यायचं. त्यांचं ऍप आमच्याकडे होतं. अडचण एकच होती. उत्तर यायला कधी दहा सेकंद लागत, कधी तीस. तेवढा वेळ पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं. शेठ कुरकुरले, "लोकांना वाटेल ऍप अडकलं."

मी एक थेंब काढला होता. तो वरून पडायचा, पसरायचा आणि त्यातून हिरवी टिक उमटायची. खाली अक्षरं, मोटर सुरू. अक्कांनी ते तीनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय." दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. त्या थेंबाच्या आधी ते कंटाळवाणं चाक मला बघवेना. म्हणून मी टिक अलीकडे आणली. पेटीकडून उत्तर यायची वाटच बघायची नाही, निरोप निघाला की थेंब पडलाच. मोटर काय, सुरू होतेच, असं मी मनाला समजावलं. सांगितलं कोणालाच नाही. शेठ खूश झाले. पुढच्या आठवड्यात धुळ्याला त्यांच्या विक्रेत्यांचा मेळावा होता, तिथून ऍप गावोगाव जाणार होतं.

त्याच सुमारास अक्का तीन दिवस ऑफिसला आल्या नाहीत. नशिराबादच्या पुढे एका केळीच्या बागेत पेटी चाचणीसाठी लावली होती. तिथे खाटेवर बसून त्या बागेच्या मालकीणबाई फोन कसा हाताळतात ते बघत होत्या. चौथ्या दिवशी आल्या त्या उन्हाने रापून. सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि केळीचं एक रोप कीबोर्डवर ठेवलं. हातभर उंचीचं, मान टाकलेलं, पानांच्या कडा करपलेल्या.

"तुझी टिक कधी येते?" त्यांनी विचारलं.

"मोटर सुरू झाल्यावर."

"पुन्हा सांग."

मी रोपाकडे पाहत राहिले. मग खरं ते सांगितलं.

अक्का चिडल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मी जायच्या आधी दोन दिवस त्या बाई रोज टिक बघून निवांत होत्या. तिसऱ्या दिवशी बागेत गेल्या तर विजेच्या तीनपैकी एक फेज गेलेली, मोटर हललेलीच नाही. एप्रिलचं ऊन. शेजाऱ्याने पाणी दिलं म्हणून बाकीची रोपं वाचली. ही कडेची ओळ गेली."

त्या सरांकडे गेल्या. मीही मागोमाग गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, मेळावा होऊ द्या. नंतर दुरुस्त करू. आता शेठना सांगितलं तर काम हातचं जाईल."

"मग मेळाव्याला मी नसेन. त्यानंतरही नसेन."

 सरांचा सातवीतला आवाजही निघाला नाही. अक्काच म्हणाल्या, "शेठना बाग दाखवायला बोलावते. एवढं तरी करू दे."

शेठ आले. पांढरेशुभ्र कपडे, पायात नवे बूट, बरोबर दोन माणसं. दुपारचं बाराचं ऊन. अक्कांनी बाईंकडून आधीच विचारून घेतलं होतं. त्या आठवड्यात बागांची लाईट संध्याकाळी चारनंतर यायची. हे शेठना माहीत नव्हतं. मला मात्र माहीत होतं.

हौदाशी जाऊन अक्का म्हणाल्या, "शेठ, उन्हातून आलात. तोंडावर पाणी मारा. तुमचीच पेटी, तुमच्याच फोनवरून मोटर सुरू करा."

शेठनी हौसेने बटण दाबलं. थेंब पडला, पसरला, टिक आली. "बघा!" असं म्हणून त्यांनी फोन आम्हा सगळ्यांना दाखवला, मग खिशात ठेवला, बाह्या सारल्या आणि हौदावरच्या जाड पाईपाखाली दोन्ही हातांची ओंजळ धरून वाकून उभे राहिले.

पाईपातून एक मुंगळा बाहेर आला, इकडेतिकडे बघून परत आत गेला.

शेठ उभेच. फोन काढून पुन्हा पाहिला. टिक होती. पुन्हा ओंजळ धरली. बाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरलं नाही. "शेठ, टिक आली म्हंजे पानी येते का? मी बी अशीच निवांत राह्यली होती दोन दिस!"

शेठचा चेहरा लाल झाला. "मला एवढ्या लांब बोलावून पाणउतारा केलात," ते म्हणाले.

"उतरायला पाणी तरी कुठे होतं, शेठ?" अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "हे असं का झालं ते ही सांगेल. माझी भाकरी व्हायचीय." आणि खरोखर बाईंबरोबर चुलीकडे निघून गेल्या.

मी एकटी शेठपुढे उभी राहिले. सगळं सांगून टाकलं. चाक कंटाळवाणं वाटलं म्हणून टिक अलीकडे ओढली, कोणी सांगितलं नव्हतं, माझंच डोकं. शेठनी सगळं ऐकलं, रुमालाने मान पुसली आणि मान टाकलेल्या त्या ओळीकडे पाहिलं.

"ही माझ्या पेटीच्या भरवशावर होती ना?" एवढंच बोलले.

जेवताना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. माठातलं दोन तांबे पाणी पोटात गेल्यावर शेठ निवळले. म्हणाले, "खोटी टिक काढा. पण अक्का, ते थांबणं तेवढं बरं दिसू द्या, नाहीतर विक्रेते मला खातील."

"थांबणं बरं दिसायला नको," अक्का म्हणाल्या. "थांबणं खरं दिसलं की माणूस थांबतो."

पुढचे पाच दिवस म्हणजे माझं खरं शिक्षण. अक्का संध्याकाळी विहिरीशी बसून मोटर सुरू होतानाचा आवाज ऐकायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या फाडलेल्या तारखांच्या पाठीवर चित्रं काढून, गठ्ठा अंगठ्याने फरफर सोडून बघायच्या. "मोटर एकदम पळत नाही. आधी हुंकारते, मग ओढ घेते, मग लयीत येते." थेंबाच्या जागी आलेलं आमचं नवं चक्र तसंच फिरू लागलं, पण पेटीचं उत्तर आल्यावरच. तोपर्यंत एक लहानसा दिवा शांतपणे मंद-तेज होत राहायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, निरोप गेला, उत्तराची वाट पाहतोय. लाईट नसेल तर काय दाखवायचं, यावर आमचं भांडण झालं. मी नेहमीसारखं लाल बटण केलं होतं, नकारार्थी मान हलवल्यासारखं थरथरणारं. अक्कांनी ते पाहिलं.

"लाईट बाईंनी घालवली का?"

"नाही."

"मग त्यांच्यापुढे लाल होऊन मान कशाला हलवायची? चूक नसलेल्या माणसाला रागवायचं नाही." दिवा नुसता विझायचा ठरला. खाली अक्षरं, लाईट नाही, आली की कळवतो. हलणं काहीच नाही.

मेळाव्यात एका म्हाताऱ्या विक्रेत्याने बटण दाबलं. पाचपन्नास माणसं बघत होती. दिवा मंद-तेज होत राहिला. वीस सेकंद कोणी हललं नाही.  मग चक्र हुंकारलं, ओढ घेतली, फिरू लागलं, आणि बागेतून बाईंचा फोन आला की पाणी पडतंय. म्हातारबुवांनी फोन लांब धरून निरखला आणि म्हणाले, "हाऊ खरं बोली ऱ्हायना!" हा खरं बोलतोय, या त्यांच्या एका वाक्यावर शेठनी भाषण न करताच मेळावा आटोपला.

अक्का दोन वर्षांपूर्वी काम सोडून धुळ्याला गेल्या. आता मीच खुर्च्यांच्या मागे जाऊन उभी राहते. माझी अहिराणी कच्ची आहे, पण प्रश्न तोच विचारते.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "आपले बठ्ठे हिरवे चुकलेत, सगळेच्या सगळे! ताबडतोब ये."

मी धुळ्याला गेले. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, घड्याळ लावून डोळ्यात थेंब टाकत होते, आणि अक्का काळा चष्मा वर करून आमची जुनी ऍप्स उघडून बसल्या होत्या. पलंगावर पत्रांचा गठ्ठा. प्रत्येक जुन्या ग्राहकाला त्यांनी हाताने माफीचं पत्र लिहिलं होतं. आपण निवडलेले सर्व हिरवे रंग मोतीबिंदूतून पाहिलेले असल्यामुळे सदोष आहेत, तरी क्षमस्व.

"अक्का, आजवर एकाचीही तक्रार आली नाही," मी म्हणाले.

"लोक सभ्य आहेत म्हणून. बस इथे. हा बघ." त्यांनी फोन समोर धरला, एक डोळा तळहाताने झाकला. "या ऑपरेशनच्या डोळ्याला हा हिरवा निळसर." मग दुसरा झाकला. "आणि या डोळ्याला एकदम बरोबर." पुन्हा पहिला झाकला. पुन्हा दुसरा. असं दहा-बारा वेळा झालं. मी लॅपटॉप उघडून तयार बसले होते.

"बदलू का?" मी विचारलं.

"थांब." त्यांनी फोन उलटा ठेवला.  "पंधरा दिवसांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर ये. तोवर मला कोणाचंच खरं वाटत नाही. माझंही नाही."

"आणि पत्रं?"

"ती टाक पोस्टात. माफीला कसली वाट बघायची?"

पत्रं घेऊन मी खाली उतरले, रिक्षात बसले. समोर निंबाचं झाड होतं. मी एक डोळा झाकून त्याच्याकडे पाहिलं. मग दुसरा झाकून पाहिलं. मग पुन्हा पहिला.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "काय ताई, डोळ्यात काही गेलं का?"